सरांचं म्हणणं मी अर्धंच सांगितलं

गंगाधरराव सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणानं झाली. मुखेडच्या वाचनालयात मी झाडलोट करायची, चहा करायची. लातूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर आपल्या गावी परतले होते. चिखलाच्या चपला घालून ते पुसल्या फरशीवर आले, तर मी त्यांना दारातच झाडलं. त्यांनी माझ्या हातातलं पोतेरं घेतलं आणि फरशी पुसून दिली. धड पुसली नाही, ते सोडा.

पुढं सरांनी दर शनिवारी चर्चा सुरू केली. नियम त्यांचाच होता. विरोध करायचा तर आधी माझं म्हणणं माझ्यासारखं पुरं सांगा, मग काय फाडायचं ते फाडा. प्राप्तिकर बंद करावा आणि माणूस जो खर्च करतो त्यावर, मिठापासून मोटारीपर्यंत, एकाच दरानं कर घ्यावा, हे सरांचं लाडकं मत. तीन शनिवार त्यावरच गेले. चहा देता देता मी सगळं ऐकलं. चौथ्या शनिवारी सर म्हणाले, रोज बाजारात जाणारं कुणी बोललं पाहिजे, मावशी, तुम्ही या. स्वतःची खुर्ची मला दिली.

मी सांगितलं, सरांच्या पेन्शनीला कर लागतो, तो त्यांना खुपतो. म्हणून तो उचलून माझ्या मिठाच्या पुडीवर ठेवायचा. मोटारवाल्याला जो दर, तोच मला. लोक हसायला लागले. नातवंडं असलेली बाई मी, तरी ते हसू मला चढलं.

सर माझ्याकडं बघत राहिले, उरलेलं आता सांगेल म्हणून.

"पुढं?"

"पुढं काय न्हाई. संपलं."

सभा खदखदली. संपलं नव्हतं, आणि मला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्यांना 'मीठवाले सर' म्हणायला लागले. महिन्याभरात शनिवारची चर्चा बंद पडली.

त्याच उन्हाळ्यात नांदेडला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलाला सुट्टी मिळेना. सरांनी मला एसटीनं नेलं, दोन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर काढले, वेळच्या वेळी थेंब घातले. एका डोळ्याला पट्टी होती, दुसरा मी झोपेच्या नावाखाली मिटून घ्यायची. आता विषय काढतील, मग काढतील, म्हणून मी जीव मुठीत धरून होते. त्यांनी चकार शब्द काढला नाही.

यंदा वाचनालयाची मंडळी सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागायला आली, तेव्हा मी आधी सरांच्या घरी गेले.

"सर, त्या दिवशी मला सगळं ठावं होतं. मी मुद्दाम गाळलं."

"मला कळलं होतं."

"मग तिथंच खोटं का न्हाई पाडलं?"

"त्या सभेत बोललेल्या तुम्ही पहिल्या बाई. तुम्हाला खोटं पाडलं असतं, तर दुसरी उठली नसती."

मी लई बोलणारी बाई. पण त्या दिवशी पुढ्यातला चहा तसाच ठेवून घरी आले.

तेव्हा हसलेले बरेच लोक हे पुस्तक वाचतील, म्हणून गाळलेलं इथं लिहिते. सर म्हणत होते, की गरजेपुरत्या खर्चावर जितका कर बसेल तितके पैसे सरकारनं प्रत्येक घराला महिन्याच्या सुरुवातीलाच द्यावेत, म्हणजे गरिबाच्या मीठ-पिठावर बोजा येणार नाही. आणि आपली कमाई शेतीची म्हणून दाखवून सुटणारा बडा माणूस मोटार घ्यायला गेला, की तिथं त्यानं कर भरावा.

मला हे अजून पटत नाही. सरकार आधी पैसे देईल यावर माझा भरवसा नाही. पण तेव्हा सरांचं पुरं सांगून मग हे म्हणायला पाहिजे होतं. मी हसू घेतलं आणि त्यांचं नाव घालवलं. त्याची मला लाज वाटते.

सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यांचे हातपाय धड राहोत, नजर साफ राहो, अजून पुष्कळ वर्षं त्यांनी पायी बाजारात यावं. आणि तिथं लहानथोरांनी त्यांना गंगाधरराव सर म्हणूनच हाक मारावी.