हेर हेगेलेंची बटणं

जिना अर्धाच पुसून झाला होता. वरच्या पायऱ्या ओल्या, खालच्या कोरड्या आणि मधल्या वळणावर बादली. त्या आठवड्यात केरवोख प्रभाकडे होती, म्हणजे इमारतीचा जिना झाडून-पुसून काढायची पाळी. स्टुटगार्टात ही पाळी चुकवणाऱ्याकडे शेजारी कसे बघतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. एवढ्यात फोन वाजला. तिला नवं काम शोधून देणाऱ्या सल्लागार बाई होत्या. टेकडीवरच्या आल्टनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, सोमवारपासून दोन आठवडे काम करून बघायचं होतं. तिथल्या प्रमुखबाईंनी होकार दिला, तर वृद्धसेवेच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलणार. नाही दिला, तर यंदाच्या वर्षासाठी तो विषय मिटला.

प्रभाचा कारखाना मोटारींच्या तारांचे जुडगे बनवायचा. मागच्या वर्षी, २०१३ साली, ते सगळं काम रोमानियात गेलं. ज्या फळीवर ती इतकी वर्षं तारा बसवत आली, ती फळीसुद्धा तिच्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये चढली. मग सगळ्या बायकांची नावं ट्रान्सफर-गेझेलशाफ्ट नावाच्या कंपनीत गेली. ही कंपनी काहीच बनवत नाही. पगाराचा बराचसा भाग सरकारकडून येतो आणि तिथलं काम एकच, नवं काम शोधणं. प्रभाला याचं भारी कुतूहल वाटे. पहिल्या दिवशी तिने तिथली कपाटंसुद्धा डोकावून पाहिली होती, कुठे काही माल ठेवलाय का म्हणून.

म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची म्हटल्यावर तिला धास्ती अशी वाटलीच नाही. सासूबाई, कमलाबाई, नांदेडहून आल्या आणि इथे बर्फावर घसरून त्यांचा हात मोडला, तेव्हा त्यांची वेणीफणी, आंघोळ, घास भरवणं, सगळं तिनेच केलं होतं. नांदेडला परत जाताना म्हातारी सगळ्यांना सांगत सुटली होती, सुनेने मला चमचासुद्धा उचलू दिला नाही.

सोमवारी त्रिसरण-पंचशील म्हणून, मूर्तीपुढची मेणबत्ती विझवून प्रभा निघाली. आल्टनहाइममध्ये तिच्या वाट्याला हेर हेगेले, म्हणजे श्रीयुत हेगेले, आले. जन्मभर ट्राम चालवलेले, आता बोटं थरथरायची. सदऱ्याच्या पहिल्याच बटणाशी त्यांची झटापट चाललेली बघून प्रभाचा जीव कळवळला. ती गुडघ्यावर बसली, सगळी बटणं भराभर लावली, मोजे चढवले. नाश्त्याला पावाचे बारीक तुकडे करून तिने एक त्यांच्या ओठांपर्यंतही नेला. त्यांनी तोंड उघडलं, खाल्लं. प्रभाला वाटलं, म्हातारबाबा सुखावले.

बुधवारी प्रमुखबाई, फ्राऊ ब्रेंडले, तिला बोलवायला आल्या. हेर हेगेलेंनी तक्रार केली होती. त्यांच्याच खोलीत, त्यांच्यासमोर बोलणं झालं. फ्राऊ ब्रेंडले शांतपणे म्हणाल्या की मन चांगलं आहे, पण असंच चालणार असेल तर होकार देता येणार नाही. प्रभाला कळेचना. कामात कसूर नाही, आळस नाही, मग चुकलं कुठे?

हेर हेगेले खिडकीकडे बघत बोलले, "ट्राम गेली, बायको गेली. सकाळी उठून करायला बटणं राहिली होती. परवापासून तीही तुम्हीच करताय."

प्रभाच्या डोळ्यांपुढे ट्रकमध्ये चढणारी ती फळी आली. तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. सेवा करूनही माणसाचं काही हिरावून घेता येतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिने विचारलं, "मग मी माझ्या हातांचं काय करू?"

"हातांवर बसा," फ्राऊ ब्रेंडले म्हणाल्या, "आणि हेर हेगेले म्हणतील तेव्हाच उठा."

घरी हे ऐकून तिचा नवरा रामदास हसायलाच लागला. तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचा, पण मोजे बायकोने हातात दिल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. "म्हणजे काही न करायचं शिक्षण? आणि तेही सरकारच्या खर्चाने?"

"हो. आणि अहो, त्याचा सराव उद्या घरीच सुरू करते. मोजे तुमचे तुम्ही शोधा."

दुसऱ्या दिवशी प्रभा खरोखरच हातांवर बसली. तारा बसवणारी तिची बोटं मांडीखाली नुसती वळवळत होती. हेर हेगेलेंनी एक बटण चुकीच्या काजात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. तोवर कॉफी गार झाली. गळ्याजवळच्या बटणापाशी मात्र ते थांबले आणि त्यांनी हनुवटी वर केली.

"हे एक तुम्ही," ते म्हणाले.

प्रभाने तेवढं एकच लावलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. पुढे दोन आठवडे संपेपर्यंत ती रोज सकाळी अशीच बसली, शेजारच्या खोलीतल्या आजीबाईंजवळसुद्धा. तिथे तर फणी हातात घ्यायचा मोह आवरणं फार अवघड गेलं.

शेवटच्या शुक्रवारी फ्राऊ ब्रेंडलेंनी होकाराचं पत्र हातात ठेवलं आणि जाता जाता बजावलं की हे कापडी बूट इथे चालायचे नाहीत, ओल्या फरशीवर घसरतील. पत्र सोमवारी आर्बाइट्सआम्टात, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत, नेऊन द्यायचं होतं. त्याआधी, शनिवारी सकाळी, प्रभाला रबरी तळव्याचे बूट घ्यायला बाजारात जायचं होतं.