काकूंसाठी माझ्या ॲपनं फवारणीवाला शोधला

मित्रांनो, आज जे घडलं ते लिहितोय.

उमरग्यात बसून मी एक ॲप चालवतो, तुम्हाला माहीतच आहे. लोकांनी गरज आपल्या भाषेत लिहायची. ॲप तिचा अर्थ ताडून सगळ्यात जवळची सेवा शोधतं आणि जुळलं की हिरवी खूण करतं.

आज दुपारी चहा पिता पिता आलेल्या मागण्या चाळत होतो. माकणीच्या एका काकांनी लिहिलं होतं: "राम राम साहेब. पाऊसपाणी बरं हाय. तुरीवर फवारणी चालू हाय, पंप भाड्यानं आणलाय. औषध लई कडक मिळालं. आमची मालकीण भोवळ येऊन पडली, तोंडाला फेस आलाय."

ॲपनं त्यांना फवारणीवाल्याचा नंबर दिला होता. वर हिरवी खूण!

मी घाबरून काकांना फोन लावला.

"तुमच्या ॲपनं दिलेला नंबरवाला उद्या सकाळी येतो म्हणालाय. तवर हिला लिंबूपाणी देऊ का?"

"काही देऊ नका काका! गाडी बघा, आधी दवाखान्यात न्या!" मी अक्षरशः ओरडलो.

काकू दवाखान्यात आहेत. अजून शुद्ध नाही.

आपल्याकडं कुणी मुद्द्याचं आधी बोलतं का? पिकापाण्याचं सगळं झालं की शेवटी दुखणं. ॲपनं सगळ्या वाक्यांचा मिळून अर्थ काढला, त्यात फवारणीच जास्त भरली. तसं मीच शिकवलंय त्याला.

ॲप बंद केलंय. पण आधीच्या हिरव्या खुणा शेकड्यांनी आहेत, आणि त्या उघडायला माझा हात धजत नाही. कुणी येऊन बसाल का माझ्याजवळ?