एका तारखेला दोन लग्नं

“म्याडम, तुमच्या सॉफ्टवेअरनं एकाच दिवशी दोन लग्नं घेतलीत! दोघांच्याबी पत्रिका वाटून झाल्यात.”

फोनवर बशीरभाई होते, उंब्रजच्या मंगल कार्यालयाचे मालक. त्यांचं बुकिंगचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. सांगलीच्या ऑफिसात बसून मी नोंदी उघडल्या. एक सुभेदार पाटलांच्या मुलीची, दुसरी बागवानचाचांच्या मुलीची. तारीख एकच.

प्रोग्रॅममध्ये ‘हॉल’ नावाचा ऑब्जेक्ट होता. ऑब्जेक्ट म्हणजे आपली माहिती आणि आपली कामं स्वतःजवळ ठेवणारा कोडचा तुकडा. या हॉलकडे भरलेल्या तारखांची यादी होती. त्याला ‘बुक कर’ म्हटलं की तो आधी यादी तपासायचा, तारीख मोकळी असेल तरच लिहायचा. पण तो मुहूर्ताची वेळही मागायचा. नव्या मोबाइल फॉर्ममध्ये ती नव्हती. म्हणून त्या फॉर्मच्या कोडमध्ये मी हॉलला न विचारता तारीख परस्पर यादीत घातली. तपासणी झालीच नाही.

बॉसना, जाधव सरांना, सगळं सांगितलं.

“यादी बाहेरून उघडी का ठेवलीस?”

“घाई होती, सर.”

“आता सावकाश बंद कर. पण आधी उंब्रज गाठ.”

कार्यालयात सुभेदार आणि चाचा समोरासमोर बसलेले. मी माफी मागितली. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या आणि वेळा वाचल्या. लग्न बारा पस्तीसला. निकाह संध्याकाळी साडेपाचला.

“सुभेदारसाहेब, तुमचं चारपर्यंत आटपेल?”

“आमी फौजी मानूस. तीनला हॉल मोकळा करतो!”

चाचा हसले. “मग आमाला लय झालं.”

बशीरभाईंनी लगेच चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मी यादी प्रायव्हेट केली, म्हणजे हॉलशिवाय तिला कुणी हात लावू शकणार नाही अशी. तशी करताच आणखी चार ठिकाणी एरर आले. तिथंही मीच परस्पर लिहिलं होतं. सगळीकडे ‘बुक कर’ घातलं, फॉर्ममध्ये वेळ घेतली.

लग्नाला मला दोन्हीकडून आमंत्रण होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी हॉल रिकामा झाला. मांडववाले स्टेजवरची फुलं उतरवू लागले, तर सुभेदार ओरडले, “ऱ्हाऊ द्या रं! चाचांच्या पोरीला व्हतील.”

दुपारी मसालेभात जेवले, संध्याकाळी बिर्याणी. ऑब्जेक्टच्या आत परस्पर हात घालायचा नाही, हे तेव्हापासून पाळते. प्रत्येक चूक इतकी चविष्ट निघेलच असं नाही.