आबांनी घागरीवर शिकवलेली उचल

माझ्या वडिलांना माझ्या आईला उचलता आलं नव्हतं.

आणि ते तालमीचे वस्ताद होते.

आज आबांची पुण्यतिथी. त्यांना जाऊन साठ-पासष्ट वर्षं झाली, तरी हा दिवस आला की मला ती उचल आठवते.

पन्नास सालानंतरचं कोल्हापूर. तालमीत मुलींना मज्जाव. म्हणून आबा मला घरामागच्या परड्यात शिकवायचे, पाण्याने भरलेल्या घागरीवर.

"कमरंतनं वाकू नगंस. गुडघ्यात बस. घागर पोटाशी घे, मग ऊठ."

"मला काय कुस्ती खेळायची हाय?"

"कुस्ती चार दिवस. पाणी रोजचं हाय की."

नात हल्ली जिममध्ये हेच करते. फंक्शनल ट्रेनिंग म्हणे.

त्याच काळात एक दिवस आई न्हाणीत पडली. पाय मोडला.

प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता रोज उठवून उभं करा. अशाच पडून राहिल्या तर कायमच्या अंथरुणाला खिळतील."

आबांनी हात घातले. मागून, कमरेला, करकचून. सवयीने कुस्तीचीच पकड बसली.

आई कळवळली. आबांनी झटकन हात काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते खाटेजवळ गेलेच नाहीत, आणि माझी झोप उडाली. आई आता उठतच नाही की काय?

चौथ्या दिवशी मला म्हणाले, "जन्मभर मी माणूस उचलला त्यो पाडायला. माझ्या हातास्नी दुसरं येत न्हाई. तू उचल."

मी पंधरा वर्षांची. आई हातातून सटकली तर? हाड पुन्हा मोडलं तर? तळहात परकराला पुसले.

गुडघ्यात बसले. आईचे हात गळ्यात घेतले. तिला पोटाशी धरलं.

दारातून आबांचा आवाज, "श्वास सोड. आता ऊठ."

आई उभी राहिली. लटपटत, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून, पण उभी.

महिन्याभरात ती चुलीपाशी जाऊन बसली. आबांनी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पुढे माझं लग्न गडहिंग्लजला झालं. चार वर्षांनी निरोप आला, आबांनी अंथरूण धरलंय.

तालमीतले चार पैलवान त्यांना उठवायला रोज येत होते. आबा कुणाला हात लावू देत नव्हते. "पोरीला येऊ द्या," एवढंच.

एसटीत सगळी वाट मला एकच धास्ती. एवढा दांडगा माणूस, मला पेलेल का?

पोचले ती थेट खाटेशी गेले. गुडघ्यात बसले, त्यांना पोटाशी घेतलं, श्वास सोडला आणि उठले.

वजन लागलंच नाही. त्या दांडग्या देहात नुसती हाडं उरली होती.

आबा माझ्या कानाशी म्हणाले, "बरोबर धरलंस."

मला मात्र त्या दिवसाइतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ते गेले.

आबा, लेकीचा नमस्कार घ्या.