तात्यांचा लाकडी मासा

तात्यांना भेटायला गेलं की ते आधी तुमचा हात हुंगत. रामराम वगैरे नंतर. तापीकाठच्या आमच्या शाळेत मी बिनट्रेनिंगचा मास्तर म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा या हेडमास्तरांनी माझा कागद न वाचताच बाजूला सारला, माझा तळहात नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "साबन लावस का? बंद कर. साबनना वासवरी मासा पळस."

तात्यांना मरळ धरायचा नाद होता. नदीकाठी मुक्कामाला आलेल्या कुणा गोऱ्या साहेबाकडे त्यांनी लाकडी मासा पाहिला होता. तसाच त्यांनी पांगाऱ्याचा कोरला, पोटाखाली गळ बसवला आणि वर चिंधी गुंडाळली. साहेबाला न सुचलेली गोष्ट पुढची. त्या चिंधीवर ते सुकटीचं कूट, बडीशेप आणि तिळाचं तेल यांचा लेप चोळत. लाकूड पाण्यात हललं की मासा येतोच, मग वास कशाला, असं मी एकदा विचारलं.

"येवाले काय, मासा कशावर बी येस," तात्या म्हणाले. "पन लाकूड शे समजनं की थुकी देस. वास येस तं थुकत नही, चावत बठस. तेवढामा झटका देवाना."

धरलेली मरळ ते खात नसत. वाळूवर टाकत आणि शेजारी सुपारी कातरत बसत. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. ती निपचित पडली की वाटेने जाणाऱ्या कुणालाही देऊन टाकत.

सुकट कुटायचं काम माझं. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. मी शाळेतून परतलो की आई दारातच अडवायची. "चुल्हाजोडे येऊ नको. ओटावरच जेव." चार वर्षं मी ओट्यावर जेवलो. एकदा चुलतभावाच्या हळदीला जायचं म्हणून साबणाने हात धुतले, तर तात्यांनी भर वर्गात हात हुंगला आणि पोरांसमोर मला ते नदीच्या चिखलाने घासायला लावले. पोरं हसली. मीही हसलो, याची मला आजही लाज वाटते.

हसलो, कारण माझं सगळं नशीब त्यांच्या हाती होतं. ट्रेनिंगला जायला हेडमास्तरांना वर नाव कळवावं लागे. ट्रेनिंग नाही तर नोकरी कायम नाही, आणि वयाची अट जवळ येत होती. दर उन्हाळ्यात तात्या पाठीवर हात ठेवत. "यंदा तुन्हंच नाव धाडसू. काळजी करू नको." मी दुप्पट जोराने सुकट कुटायचो.

वयाची अट उलटायला दोन महिने उरले, तेव्हा मी स्वतःच धुळ्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने दप्तर उलटंसुलटं केलं. आमच्या शाळेकडून चार वर्षांत एकही नाव आलं नव्हतं, आणि त्या वर्षीची मुदतही संपली होती.

परत येऊन मी तात्यांसमोर उभा राहिलो. ते गळाला धार लावत होते. मानही वर केली नाही. "तू गया तं सुकट कोन कुटी?"

कच्चा मास्तर तो कच्चाच राहिलो.

पुढे तात्यांची नोकरी संपली, मग बायको गेली, मग डोळे गेले. मुलगा सुरतेच्या गिरणीत होता आणि बापाचं तोंड पाहायला तयार नव्हता. वैद्याने महिन्याभराचा भरवसा दिला. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊ लागलो. तात्या मुलाला चिठ्ठी सांगत, मी लिहून घेई आणि टाकतो म्हणून खिशात घाली.

"पोऱ्यानी चिठ्ठी उनी का?"

"उनी ना, तात्या. तो आठ दिनमा येनार शे."

तेवढ्यावर ते उठून बसत, दोन घास जास्त खात, खाट दाराकडे फिरवून घेत. महिन्याचे सोबती म्हटलेले तात्या सव्वा वर्ष जगले. दर आठवड्याला मुलगा निघत होता आणि दर आठवड्याला मी त्याची गाडी चुकवत होतो. गेले तेव्हाही तोंड दाराकडेच होतं.

सगळ्या चिठ्ठ्या माझ्या पेटीत आहेत, एकीलाही तिकीट लावलेलं नाही. गाव अजून म्हणतं, मास्तरने तात्यांची पोटच्या पोरासारखी सेवा केली. मी ऐकून घेतो.