पन्हाळीतलं पत्रक

हनीफचाचा गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्यात, बसस्थानकाबाहेर, रॅम्पच्या मागणीची पत्रकं वाटत होते. फोन त्यांच्या मुलीचा, शबानाचा होता. हातातला गठ्ठा तसाच राहिला... याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून मला सारखं एक जुनं पत्रक आठवतंय. ते मी याच माणसाविरुद्ध काढलं होतं.

चाचांचं जळगावात, मेहरूणला, फायबरचं वर्कशॉप. ट्रॅक्टरचे टप, कूलरच्या टाक्या आणि आम्हा अपंगांच्या स्कूटरचे जादा भाग ते बनवायचे. (दिव्यांग म्हणत नाही मी. गोड शब्दाने पायरी उतरता येत नाही.) माझा डावा पाय कॅलिपरच्या लोखंडी आधारात, गुडघ्यात वाकत नाही. तो सरळ ठेवता यावा म्हणून चाचांनी स्कूटरच्या प्लास्टिक पॅनलवर फायबरची लांब पन्हाळ चिकटवून दिली. वजन खालच्या लोखंडी पट्टीवर. पन्हाळ फक्त पाय घसरू नये म्हणून. एका सुनावणीसाठी धुळ्याला निघाले, आणि पारोळ्याच्या पुढे पन्हाळ अख्खी सुटून रस्त्यावर पडली. बूट डांबरावर घासत गेला. पडले नाही, एवढंच. सुनावणी हुकली. त्या रागात पत्रक लिहिलं: ‘अपंगांच्या पायाशी खेळणारा कारागीर’. निकृष्ट माल, फसवणूक, काही बाकी ठेवलं नाही. आमच्या लोकांनी चाचांकडे जाणं बंद केलं.

आठवड्याने चाचांचाच फोन आला, पन्हाळ नि गाडी घेऊन या म्हणून. मी भांडायच्या तयारीने गेले. पत्रक टेबलावरच होतं, पण त्यांचं लक्ष पन्हाळीच्या पाठीकडे. ती आरशासारखी गुळगुळीत.

"ताई, सुटलं हे खरं शे," ते म्हणाले. "पन का सुटलं, ते यात कुठे लिखेल शे?"

कुठेच नव्हतं. तो प्रश्न मला पडलाच नव्हता.

त्यांनी पॅनलच्या आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्याच्या बरणीत टाकला. तरंगला. दुसऱ्या स्कूटरचा टाकला, तो तळाशी गेला. बुडणारं प्लास्टिक घासून-पुसून घेतलं की रेझिन, म्हणजे फायबर ज्यात भिजवून बसवतात तो चिकट द्रव, धरतं. तरंगणारं मेणासारखं, त्याला सहजी काही चिकटत नाही. माझं पॅनल तरंगणारं होतं आणि चाचांनी सवयीच्या हाताने, बरणीत न टाकताच काम केलं होतं. माल चांगलाच होता. पत्रकातल्या ‘फसवणूक’ या शब्दावर बोट ठेवून ते म्हणाले, "चूक माझी शे. बेईमानी नाही."

त्या दिवशी मी तिथून हललेच नाही. त्यांनी पॅनल खरवडलं, बर्नरची ज्योत त्यावरून झरझर फिरवली, ओळीने भोकं पाडली. भोकं कशाला? रेझिन आरपार जातं, पलीकडे फुलतं आणि बटणासारखं अडकतं. नुसतं चिकटत नसेल तर अडकवायचं. मग ज्योत कशाला, किती वेळ, निळीच का... माझे प्रश्न संपेनात आणि चाचा खुलत गेले. चहा देताना शबाना म्हणाली, पत्रक लिहायच्या आधी एवढे सवाल केले असते तर!

शेवटच्या थराआधी चाचांनी पत्रक उचललं, त्याची मधली पट्टी फाडली आणि फायबरच्या दोन थरांमध्ये ठेवून वरून रेझिनचा ब्रश फिरवला. कागद पारदर्शक झाला, अक्षरं वर आली. प्लास्टिकला लागून ठेवला असता तर जोड कमजोर झाला असता, इथे चालतो, हेही समजावलं. "आता सुटलं तर वाचत वाचत ये."

चूक कबूल करणारं दुसरं पत्रक मी काढणार होते. मसुदाही केला. मग मोर्चा, निवेदनं, उपोषण... दोन वर्षं तो तसाच पडून राहिला. अधिकाऱ्यांकडून लेखी कबुली मागणारी मी! म्हणून इथे लिहिते: हनीफचाचांनी कुणालाही फसवलं नव्हतं. खोटं मी छापलं होतं.

मागच्या रविवारी ती पट्टी काढून टाकायला बसले. गाडीवर बसताना रोज पिवळट रेझिनमधून ‘फसवणूक’ दिसतं, ते आता बघवत नाही. स्क्रूड्रायव्हर पन्हाळीच्या कडेला घातला, सगळा जोर लावला... एक कोपराही सुटला नाही.