भूत न पाहिलेली कलावती

"नाही पायलं म्हणलं तं नाही पायलं, भैया. नसलेलं भूत मी आता कुठून आनू? ओमतीच्या बाजारातून आनू का, पावभर?"

"मौसी, तुला पाहायला कोण सांगून राहिलं? फक्त बोलायचं. 'हां, देखा है.' बस. काय जातं तुझं?"

"माहं काय जाते ते मले ठाऊक. तू दुसरं काम सांग. गाद्या उन्हात टाकाच्या का, ते सांग."

अनुपमनं मोबाइल काउंटरवर आपटला. आपटला म्हणजे हळूच आपटला, नवा होता. भोपाळच्या कोण्या गिऱ्हाइकानं त्यावर लिहिलेलं त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, 'कमरा एकदम साफ. चादर धुली हुई. पर भूत नहीं है. सफाईवाली आंटी ने खुद बताया कि आवाज पाइप की है. मूड खराब हो गया. दो स्टार.'

"साफ तं लिवलं ना?" कलावती म्हणाली.

"दो स्टार, मौसी! दो!"

"ते पाइपाचे असतीन."

कलावती रामटेके नेपियर टाउनमधल्या 'होटेल विनता'त झाडपोस करते. खोल्या झाडायच्या, फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची. अनुपम शाळेच्या कपड्यांत होता तेव्हापासून ती इथं आहे, म्हणून तो तिला मौसी म्हणतो आणि ती मालकाला अरे-तुरे करते. होटेल त्याच्या बापानं, विष्णुपंतांनी बांधलं आणि बायकोचं नाव दिलं. विष्णुपंत गेले. त्यांचा हार घातलेला फोटो काउंटरच्या मागं आहे.

आता या बिचाऱ्या होटेलात भूत कसं शिरलं, ते ऐका. मुंबईची मंडळी येऊन बाहेरची कमान, लाकडी जिना आणि दोनशे सहा नंबरच्या खोलीचं दार एवढंच शूटिंग करून गेली. बाकीचं त्यांनी मुंबईतच उरकलं. मग टीव्हीवर मालिका सुरू झाली, 'चेक-आउट बारह बजे'. त्यात दोनशे सहामध्ये एक नवरी मरते आणि मग त्या खोलीत उतरलेल्या एकाही माणसाला होटेलातून बाहेर पडू देत नाही. मालिका निघाली जोरात. तिथं नवरी पाहुण्यांना जाऊ देईना आणि इथं पाहुणेच येईनात. औषध कंपन्यांचे एजंट, पोरांना कोचिंगला टाकायला आलेले मायबाप, सगळी जुनी गिऱ्हाइकं समोरच्या लॉजात जाऊ लागली. अनुपम डोक्याला हात लावून बसला.

महिनाभरात वारं फिरलं. भलतेच पाहुणे यायला लागले. पोट्टे-पोट्ट्या, खांद्यावर सॅक, हातात मोबाइल. "वो वाला कमरा खाली है?" खाली म्हणजे रिकामा. खाली नसला तर वऱ्हांड्यात बसून राहत. अनुपमचं डोकं चाललं. त्यानं दोनशे सहात लाल बल्ब लावला, दाराच्या बिजागरीला तेल घालायचं बंद केलं आणि सगळ्या नोकरांना सांगितलं, कोणी विचारलं तर सांगायचं, हो, आहे.

पुंडलिक तर जणू याचीच वाट पाहून होता. पुंडलिक चहा-नाश्ता वर नेतो. पन्नाशीचा माणूस, पण बोलण्यात भारी. आधी त्याला पैंजण ऐकू आले. मग मोगऱ्याचा वास आला. पुढच्या आठवड्यात त्याच्या खांद्यावर हात पडला, थंडगार. पाहुण्यांनी डोळे मोठे केले की पुंडलिकाचा हात आणखी थंड होई.

एवढ्यात एक घोटाळा झाला. पोरं विष्णुपंतांच्या फोटोजवळ उभी राहून सेल्फी काढायला लागली. "भैया, ये भी इसी कमरे में मरे थे क्या?"

"ये मेरे पिताजी हैं!" अनुपम ओरडला. "घर पे गए, आराम से गए!"

पोरांची तोंडं पडली. भूत आपल्या घरचं निघालं की कसं वाटते, ते त्या दिवशी अनुपमला थोडं तरी कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. त्यानं फोटो आतल्या खोलीत नेला आणि धंदा चालू ठेवला.

अडत होतं एकट्या कलावतीपाशी. पाहुणे तिलाच जास्त विचारत. खोली तीच झाडते म्हटल्यावर तिला दिसलंच असणार, हा त्यांचा हिशेब. आणि ती बादली खाली ठेवून सरळ सांगे, "नहीं बेटा, कुछ नहीं है. आवाज पाइप की है. खिडकी में कबूतर है. चप्पल बाहर निकालो."

अनुपमनं शेवटी सांगून टाकलं. "सोमवारी सलोनी येऊन राहिली, मौसी. मोबाइलवर लाखो लोक पाहतात तिला. ती तुला विचारणार. तू हो म्हण. नाहीतर मंगळवारपासून येऊ नको. मी दुसरी पाहतो."

कलावतीला वाटलं होतं, पोरगं चिडलं आहे, उतरेल. पण त्यानं मान वर केली नाही. तेव्हा तिला कळलं, हा खरंच बोलून राहिला.

काम सुटलं तर कलावती उपाशी मरणार होती असं काही नाही. नवऱ्याची, नारायणरावांची फॅक्टरीतली पेन्शन आहे. पण पंधरा घरची भांडी घासून, शिव्या खाऊन, मग तिला हे काम मिळालं होतं. इथं किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असे. कोणती खोली केव्हा उघडायची ते ती ठरवी. नारायणरावांच्या पेन्शनवर बसून नारायणरावांचंच तोंड पाहायचं, हे तिला जमणारं नव्हतं.

संध्याकाळी महाराजपुरातल्या घरी पोचली तर नारायणराव टीव्हीपुढं गोधडी घेऊन बसलेले. दारं-खिडक्या बंद, गोधडी नाकापर्यंत. पडद्यावर होटेल विनताची कमान.

"काहून पाहून राहिले हे? विहारात तं मोठं भाषण देता, भूत नाही, प्रेत नाही."

"ते विहारातलं. हे सिरियल आहे. चूप बस, आता ते दार उघडून राहिली."

"ते दार मी रोज उघडते. आत काही नाही, निरा कचरा असते."

"सांगू नको ना! मजा जाते." दार उघडलं. नारायणराव गोधडीत बुडाले. जाहिरात लागली तेव्हा वर आले आणि म्हणाले, "कलावती, जरा मागच्या अंगणातला दिवा लाव. मले मोरीवर जायचं आहे."

दिवा लावून, जेवताना तिनं अनुपमचं सांगितलं. नारायणराव भाकरी मोडता मोडता थांबले. "मग म्हणून टाक ना. खेळ आहे तो. त्यानं कोणाचं वाईट होते?"

"धुरपता आत्याचं झालं."

नारायणरावांना ते ठाऊक होतं. बालाघाटाकडच्या कलावतीच्या गावात तिची आत्या, एकटी बाई, चार कोंबड्या पाळून राहत होती. शेजारच्या म्हशीचं दूध आटलं, एका लेकराला ताप भरला. तेवढ्यात एकानं चावडीत सांगितलं, धुरपतीला मी केस सोडून विहिरीपाशी पाहिलं, ती टोनही आहे, चेटकीण. झालं. लेकरं दगडं मारायला लागली, मोठे पाणी भरू देईनात. आत्या गाठोडं घेऊन गोंदियाला गेली, राइस मिलात राबली, तिथंच मेली. बऱ्याच वर्षांनी कलावतीच्या बापानं त्या माणसाला एका लग्नात गाठलं. काहून बोलला तू असं? तर तो जिलेबी खात म्हणाला, "मी आपलं असंच बोललो होतो."

कलावती काही हरिश्चंद्र नाही. पाव्हणे येऊन बसले तर घरात साखर नाही म्हणून सांगते, नव्या लुगड्याला जुनं म्हणते. पण हे 'असंच बोलणं' तिच्या घशातून उतरत नव्हतं.

"बरं, मग एक कर," नारायणरावांनी तोड काढली. "बोलूच नको. पोरीनं विचारलं की तोंड बंद ठेव. हो नाही, नाही बी नाही. मालकही खूश, तूही मोकळी."

तिला ते पटलं. फॅक्टरीतल्या माणसाला युनियनचं डोकं असते, तिनं मनात म्हटलं.

सोमवारी सलोनी आली. केस निळे, बोलणं गोड. संगं कॅमेरावाला. कलावती दोनशे सहाची फरशी पुसत होती. अनुपम दाराबाहेर उभा राहून तिला डोळ्यांनी खुणावत होता. पुंडलिकाचा थंड हात दोनदा सांगून झाला होता.

"आंटी, आप रोज अकेले आती हो इस कमरे में. सच बताइए. आपने उसे देखा है?"

कलावतीनं ठरल्याप्रमाणं तोंड मिटलं. पोछा पिळला. खाली पाहिलं.

सलोनी कॅमेऱ्याकडं वळली आणि कुजबुजली, "देखिए दोस्तों... आंटी के मुँह से आवाज नहीं निकल रही. हाथ देखिए, काँप रहे हैं."

हात पिळण्यानं थरथरत होते. पोछा जाड होता. पण कॅमेरावाला हातांवर आला, सलोनीचे डोळे भरले आणि बाहेर अनुपमनं अंगठा वर केला. कलावतीनं ते पाहिलं. न बोलताही बोलून झालं होतं. चावडी भरली होती.

"ओ बाई, रुको," ती उठली. "हाथ पानी से काँप रहे. क्या देखा, क्या देखा! अरे, मैंने इस खोली का कोना-कोना देखा है. पलंग के नीचे लोगों के मोजे देखे, एक बार नकली दात देखे. भूत नहीं देखा. कारण है ही नहीं. झूट काहे को बोलू? और तुम उधर सरको, फर्श गीला है, गिरोगी."

सलोनी मागं सरकली आणि बादलीत पाय घालून बसली.

काउंटरवर अनुपमनं नुसता हात पुढं केला. कलावतीनं कमरेचा जुडगा सोडून त्या हातावर ठेवला आणि ऑटो पकडून घरी गेली.

बुधवारपर्यंत ती नारायणरावांचं तोंड पाहून थकली. त्यांनी तिला चहात साखर कशी टाकावी ते शिकवलं.

इकडं दोनशे सहा उघडायचा प्रश्न पडला. पाहुणे गेले की खोली तशीच पडलेली. अनुपमनं पुंडलिकाला झाडू दिला. पुंडलिक जिन्यापर्यंत गेला आणि परत आला.

"नाही जमत, भैया."

"काहून?"

"खांद्यावर हात पडते ना."

"अरे, ती गोष्ट तूच बनवली!"

"बनवली होती. पण आता पडते. रोज चार-चार बार सांगून राहिलो, खरंच थंड लागून राहिलं."

दुसरी बाई ठेवली, तर तिनं सकाळी काम धरलं, पुंडलिकाची गोष्ट ऐकली आणि दुपारी सोडलं. तिसरीनं दारात लिंबू मागितलं. शेवटी अनुपम स्वतः झाडू घेऊन भर दुपारी वर गेला. दार ढकललं. तेल न घातलेल्या बिजागरीनं अशी काही किंकाळी मारली की मालक झाडू तिथंच टाकून काउंटरवर हजर. पाहुण्यांना भूत पाहिजे होतं, पण ते धुतलेल्या चादरीवर. मळकी चादर पाहून दोन जण त्याच दिवशी समोरच्या लॉजात गेले.

शुक्रवारी सकाळी अनुपमची स्कूटर महाराजपुरात कलावतीच्या दारापुढं उभी राहिली.

"चल ना, मौसी."

"कोणी विचारलं तं मी नाहीच म्हणीन."

"म्हण. पण असं कर, पाहुणे असतील तेव्हा तू समोर येऊ नको. मागच्या जिन्यानं ये-जा कर."

"मी काय भूत आहे का, लपून राहाले?"

आतून नारायणराव हसले आणि मग बाहेरच आले. "अनुपम भैया, ती नवरीचं काम करणारी पोरगी तुमच्या होटेलात आली होती का खरंच?"

"नाही काका. तिचं सगळं मुंबईत झालं."

नारायणरावांचं तोंड उतरलं. कलावती चौकटीला टेकून उभी राहिली. अनुपमनं स्कूटरवर बसल्या बसल्या पाय बदलले, हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं.

"बरं, म्हण तू नाही," तो म्हणाला. "ज्याला पुंडलिकाचं ऐकायचं तो पुंडलिकाचं ऐकेल, ज्याला तुझं ऐकायचं तो तुझं. पण चल. चादरीला वास येऊन राहिला."

"जुडगा?"

त्यानं खिशातून काढून दिला. तिनं तो कमरेला खोवला आणि पायात चपला सरकवल्या.

तासाभरात ती दोनशे सहात होती. खिडक्या उघडल्या. गादीवरची चादर ओढून काढली, उशांच्या खोळी काढल्या, सगळ्याचं एक बोचकं बांधून वऱ्हांड्यात लोटलं. वाराणशीची दोन पोरं जिन्यावरून डोकावली. "आंटी, डर नहीं लगता?"

"लगता है. तुम्हारे जूते का. उधर ही उतारो." मग तिनं खाली हाक मारली, "पुंडलिक भाऊ, साबणाची पुडी आना वर!"

पुंडलिक वर आला, उंबऱ्याच्या अलीकडं थांबला आणि पुडी तिथूनच आत फेकली. कलावतीनं ती झेलली, दातानं फाडली आणि न्हाणीघराची फरशी घासायला बसली.